दोघी भायर बसलो असतो तर

रेडीच्या वाटेवरच्या एका गावात मी प्राथमिक शाळेत मास्तरीण होते. नवरा मुंबईला गोदीत माल मोजणारा टॅली क्लार्क, वर्षातून दोनदा यायचा: एकदा मे महिन्यात, एकदा चतुर्थीला. घरात मी, मुलगी, धाकटा मुलगा आणि सासू. सासरे गलबतावर होते, ते माझ्या लग्नाआधीच गेले. तेव्हापासून शेत, माड, गडीमाणसं आणि देव्हारा असं सगळं सासूनेच ओढलं होतं. ती कमी बोलायची. घराच्या रीतीत मात्र केसाएवढा फरक तिला खपत नसे.

रीतीतली एक म्हणजे बाहेर बसणं. शाळेत मी चारही दिवस फळ्यावर लिहायचे, मुलांच्या पाट्या हातात घ्यायचे, तिथे कोणाला काय कळणार. घरी आले की पडवीच्या कोपऱ्यात चटई, वेगळी थाळी, वेगळा तांब्या. मला त्याचं काही वाटत नसे. आमच्याकडे सगळ्याच बसत. चूल नाही, पाणी भरणं नाही, वाचायला वेळ मिळतो, एवढंच मी त्यातलं बघायचे.

गोवा मोकळा झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माझे ते चार दिवस लांबायला लागले. चाराचे आठ झाले. मग मधेच, न्हाऊन घरात आल्यावर दुसऱ्याच दिवशी पुन्हा. पावसाळा लागेपर्यंत मी घरात कमी आणि पडवीत जास्त, असं झालं. घरापुढच्या खळ्यातून जाणारं-येणारं माणूस मला तिथे बघायचं. शेजारच्या बायका आधी काही बोलल्या नाहीत. मग एकीने विचारलं, "परत बसलंस?" मी हसले. पुढच्या खेपेला ती आली तेव्हा मी चटई खांबाआड ओढून घेतली.

सासूने अशोकाची साल उकळून दिली. एका वैद्याची पुडी आणली. पुडी पडवीच्या कट्ट्यावर ठेवून म्हणाली, "ह्या घे. आणि कोणाक काय सांगत बसा नको."

नवऱ्याला कळवायचं कसं, हाही प्रश्नच होता. तो गावकऱ्यांच्या खोलीत राहायचा. गावाहून कोणाचंही पत्र आलं की ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची तिथली पद्धत. असलं काही मी त्यात काय लिहिणार? मी लिहिलं, इकडे सर्व खुशाल.

मग शाळेतला तो दिवस. शेवटच्या तासाला मुलं पाढे म्हणत होती आणि मला खुर्चीवर बसल्या बसल्या कळलं, की आता उठता येणार नाही. घंटा झाली. मुलं गेली. मी वह्या पुढ्यात ओढून बसून राहिले. हेडमास्तर वर्गांना कुलपं घालत आमच्या दारापर्यंत आले.

"बाई, घरी नाही जायचं?"

"थोड्या वह्या राहिल्यात."

"उद्या बघा. पाऊस येतोय."

मी मान वर केली नाही. ते तिथेच उभे राहिले, आणि मग त्यांना खुर्चीच्या पायाशी काय ते दिसलं असावं. ते मागे फिरले. थोड्या वेळाने पाण्याची बादली दाराशी ठेवल्याचा आवाज आला, आणि मग त्यांची पावलं दूर गेली. मी खुर्ची धुतली, जमीन पुसली. आमच्या रस्त्याने खाणीचे ट्रक जायचे, कोणाच्याही कपड्यांना लाल माती लागलेली असायची. वाटेत कोणी विचारलंच तर तेच सांगायचं असं ठरवून मी घरी आले. कोणी विचारलं नाही. हेडमास्तर मात्र त्यानंतर माझ्याशी बोलताना कायम खिडकीबाहेर बघत. भला माणूस होता. पण ते खिडकीबाहेर बघायला लागले की माझ्या कानांच्या पाळ्या गरम व्हायच्या.

चतुर्थीला नवरा आला तेव्हा मी बाहेरच होते. आत गणपती, आरत्या, माणसांची ये-जा. मोदकांपासून सगळा स्वयंपाक सासूने एकटीने केला. दुपारी माणसं पांगल्यावर नवरा पडवीच्या पायरीवर येऊन बसला, माझ्यापासून हातभर दूर.

"किती दिवस झाले गो असा?"

"आता मोजूक नाय."

"माका कळवूक नाय ता?"

तो माझ्या हातांकडे बघत होता. हात किती पांढरे पडलेत ते मलाही तेव्हाच दिसलं.

विसर्जन झाल्यावर त्याने मला तालुक्याच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पडद्यामागे तपासलं आणि बाहेर जाऊन फक्त नवऱ्याशी बोलले. घरी आल्यावर नवरा सासूला म्हणाला, "पोटात गाठ आसा. मुंबैक न्हेवक होया." तेव्हापासून आमच्या घरात त्या दुखण्याचं नाव 'गाठ' असं पडलं. कशाची, कुठली, हे कोणी विचारायचं नाही.

पावसाळा असल्यामुळे बोट बंद होती. एस.टी.ने घाट चढून कोल्हापूर आणि तिथून आगगाडी. फोंडाघाटला गाडी चहासाठी थांबली, सगळे उतरले. मी उतरले नाही. माझ्या खाली घोंगडी चौपदरी घडी करून घातलेली होती. नवरा खिडकीतून चहा द्यायला आला. मी नको म्हटलं, कारण चहा प्यायल्यावर पुढचं ओघाने आलंच, आणि त्यासाठी लोकांदेखत उठावं लागलं असतं. तो कप हातात धरून पावसात तसाच उभा राहिला. शेवटी त्याने तो ओतून टाकला.

मुंबईत परळला नात्यातल्या एका घरी आम्ही उतरलो आणि तिथून इस्पितळात. पहिल्या दिवशी एका मोठ्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं. कागदावर लिहीत ते शांतपणे विचारत होते. कधीपासून जातंय, पाळी किती दिवसांची, मुलं किती. सुरुवातीला नवऱ्याला विचारत होते, पण त्याला काही माहीत नव्हतं, म्हणून मग माझ्याकडे वळले. नंतर विचारलं, "नवरा-बायकोचे संबंध आल्यावर रक्त जायचं का?" नवरा उठला आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. मी जमिनीकडे बघून "हो" म्हटलं. मे महिन्यात तसं झालं होतं. ते आम्हा दोघांनाही माहीत होतं आणि दोघांनीही ते माहीत नसल्यासारखं केलं होतं.

तपासणीच्या टेबलावर मी पदराने तोंड झाकून घेतलं. आजूबाजूला शिकाऊ डॉक्टर होते. पाच होते की सहा, मला ठाऊक नाही, मी फक्त त्यांच्या बुटांचे आवाज ऐकले. डॉक्टर त्यांना इंग्रजीत काही समजावत होते. आपण मास्तरीण आहोत, आपल्या वर्गात मुलं उठून उभी राहतात, हे मी तेव्हा मनात पुन्हा पुन्हा घोळवत होते. त्याचा उपयोग झाला नाही.

तुकडा काढून तपासला. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, "वेळेत आलात असं नाही म्हणणार, पण फार उशीरही नाही झाला. कापायचं नाही. आतच रेडियम ठेवू. बारीक नळ्या असतात. दोन-तीन दिवस आत राहतील, मग काढू. आठवड्याने पुन्हा एकदा. नंतर बाहेरून मशीनने थोडा शेक."

"त्या नळ्या आत काय करतात?" मी विचारलं. तिथे आल्यापासून मी आपण होऊन विचारलेला तो पहिलाच प्रश्न.

"त्यातून किरण निघतात. दिसत नाहीत, तुम्हाला जाणवणारही नाहीत. रोगाच्या पेशी जाळतात."

मला गुंगी देऊन नळ्या ठेवल्या. शुद्धीवर आले तेव्हा एका वेगळ्या खोलीत उताणी होते. आत कापडाच्या पट्ट्या गच्च भरलेल्या, लघवीला नळी लावलेली. कुशीवर वळायचं नाही, बसायचं नाही, पाय दुमडायचे नाहीत. नळ्या जागच्या हलल्या तर भलतीकडेच जाळतील, असं नर्सने बजावलं. खाटेच्या दोन्ही बाजूंना चाकांवरचे शिशाचे जाड पडदे. नर्स यायची ती झपझप. पाणी पाजायची, अंथरूण नीट करायची आणि गेलीसुद्धा. सुरुवातीला मला वाटलं, माझ्या वासाने पळते. पट्ट्यांना वास येत होताच. मग तिनेच सांगितलं, "बाई, राग मानू नका. आम्हाला रोज इथे यायचंय. रोज थोडं थोडं अंगात जातं, म्हणून जास्त थांबायचं नाही." भेटायला येणाऱ्याने दारातच उभं राहायचं. नवरा संध्याकाळी दारात यायचा, पोरांची खुशाली सांगायचा, टोपी हातात फिरवत थोडा वेळ थांबायचा आणि जायचा.

पडद्यापलीकडे आणखी एक खाट होती. तिच्यावरची बाई मला दिसत नव्हती, मी तिला दिसत नव्हते. तिचा घोगरा आवाज तेवढा यायचा. भाजी विकणारी होती, साताऱ्याकडची.

"मास्तरीण बाई, झोपलीस व्हय?"

"नाही."

"आपल्या पोटात तिजोरी ठेवलीया बघ. सोन्याहून महाग माल हाय म्हणत्यात. म्हणून एवढा पहारा."

मला हसू आलं, आणि हसल्यावर दुखलं. तिने मला सगळं विचारलं. कधी सुरू झालं, सासू काय म्हणाली, नवरा जवळ येतो का. आणि मी सगळं सांगितलं. आईला, बहिणीला, नवऱ्याला जे सांगितलं नव्हतं ते त्या आवाजाला सांगितलं. खुर्चीचंसुद्धा. ती म्हणाली, "मी तर बाजारात टोपलीवरनं उठले आन् तशीच घरी गेले. लाज कसली? नाकातनं रगत आलं तर लाजतीस का?" मी म्हटलं, "ते वेगळं." ती म्हणाली, "काय वेगळं, सांग बरं."

दुसऱ्या खेपेच्या नळ्या काढल्यावर नर्सने त्या चिमट्याने उचलून मोजल्या आणि जाड पेटीत घातल्या. मी डॉक्टरांना विचारलं, "मी घरी गेल्यावर पोरांना काही होणार नाही ना? मी जवळ घेतलं तर?"

"रेडियम पेटीत गेलं. तुमच्या अंगात काही राहिलं नाही. खुशाल जवळ घ्या."

ते मला कळलं. मी शिकलेली होते, पटलंही. तरी घरी आल्यावर मी मुलांना शेजारी झोपवलं नाही. धाकटा मांडीवर यायला बघायचा तेव्हा उठून कामाला लागायचे. ज्या जागी ते ठेवलं होतं, तिथेच कधी काळी ही मुलं होती, हा विचार मला सोडत नव्हता. मुलगा थोड्या दिवसांनी आजीकडे झोपायला लागला आणि माझ्याकडे यायचा थांबला.

गावात 'गाठ'च चाललं होतं. पण मुंबईची बातमी गावात यायला बोट लागत नाही. "हिच्या पोटात इजेचा औषध घातला म्हणान," असं विहिरीवर बोलणं झालं. पोटातल्या विजेच्या भीतीने शेजारची एक पोटुशी सून मला बघून वाट बदलायची. माझी पाळी गेली ती कायमचीच. पस्तिशीच्या आत मी म्हाताऱ्या बायांत जमा झाले. आता पडवीत बसायला नको होतं. बारा महिने मला घर, चूल, देव सगळं मोकळं होतं, आणि त्याचीच मला लाज वाटायची. नवरा मे महिन्यात आला. त्याने अंथरूण माजघरात घातलं, मी आतल्या खोलीत, मुलीपासूनही हातभर दूर. डॉक्टरांनी काही महिन्यांनी हरकत नाही असं सांगितलं होतं. आम्ही दोघांनी ते ऐकलं होतं.

त्याच मे महिन्यातली गोष्ट. नवरा माडाच्या बागेत गेला होता, मुलं बाहेर. सासू आणि मी मागच्या दारी काजूच्या बिया सोलत बसलो होतो. बरेच दिवस ती खंगत चालली होती. मी विचारलं की "वय झाला" म्हणायची. त्या दिवशी ती सोलता सोलता थांबली.

"तुका जाय, ता रगात सुरवातीक कसा होता गो?"

मी तिच्याकडे बघितलं. ती हातातल्या बीकडे बघत होती.

"कसा म्हणजे?"

"म्हणजे पाण्यासारखा, काय गाठीगाठीन?"

"आये, तुमका जाता?"

तिने मान हलवली. मग एकदम सगळं सांगून टाकलं. पाळी जाऊन कितीतरी वर्षं झाल्यावर पुन्हा दिसायला लागलं होतं. आधी डाग, मग वाढत गेलं. फडकी ती पहाटे ओढ्यावर जाऊन धुवायची. मी पडवीत बसत होते तेव्हापासूनचं हे सगळं.

"आणि तुमी देवाचा करीत होतास?" मी विचारलं. "चतुर्थेचा सगळा?"

"मगे काय करू? तू भायर. आमी दोघी भायर बसलो असतो तर देवाक निवेद कोण दाखयतला होता? पोरांका कोण वाढतला होता?"

मला राग आला. ते सगळे महिने ती मला वरून पाणी ओतत होती, माझी थाळी पायाने सरकवत होती, आणि स्वतः तशीच चुलीशी. मी बोलणार होते. पण ती पुढे म्हणाली, "ह्या माझ्या हातान झाला. इटाळात देवाचा केलंय, म्हणान देवान तुझ्यावर काढल्यान. तू मुंबैक पडलेलंस तेव्हा माका एक दिवस झोप नाय. बोलूचा कोणाकडे? पोटच्या झिलाकडे?"

ती रडत नव्हती. पदराचा बोळा करून तोंडाशी धरला होता. मी तिच्या जवळ सरकले. लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती, पण मी तिच्या पाठीवर हात ठेवायची ही पहिलीच वेळ. पाठीची हाडं हाताला लागली.

"आये, ह्या देवान केला नाय. ह्यो रोग आसा. मुंबैत खोलीभर बायका होत्यो. सगळ्यांनी काय देव बाटयलो?"

"खरा सांगतंस?"

"खरा."

नवऱ्याला सांगायचं माझ्यावर आलं. तो बागेतून आला, हातपाय धुतले, मी त्याला बाजूला बोलावलं. 'गाठ' म्हणून भागणार नव्हतं, कारण त्याला डॉक्टरांना सांगायचं होतं. मी जे आहे ते त्याच शब्दांत सांगितलं. आईबद्दल असं ऐकताना त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला. "बास," तो म्हणाला. मी थांबले नाही, शेवटपर्यंत सांगितलं. तो पाठ करून उभा होता. मग म्हणाला, "बोट बंद होवच्या आधी जावक होया."

मुलांना शेजारणीकडे ठेवून वेंगुर्ल्याहून आम्ही बोट धरली. सासू पूर्वी कधी मुंबईला गेली नव्हती. इस्पितळात तेच टेबल, तेच बुटांचे आवाज. मी तिच्या उशाशी उभी होते. तिने पदर तोंडावर ओढून घेतला, मी घेतला होता तसाच, आणि माझं मनगट इतकं घट्ट धरलं की तिच्या काकणांचे वळ माझ्या हातावर उठले. पुरुष डॉक्टरांचा हात लागला तेव्हा ती पदराआडून हळू आवाजात म्हणाली, "माझ्या घोवानसुदीक दिवसाउजेडी बघूक नाय." डॉक्टरांना ते कळलं नाही. मला कळलं, ती सासऱ्यांबद्दल बोलत होती, आणि मी तिच्या जागी लाजले.

रोग आजूबाजूला पसरला होता. डॉक्टर म्हणाले, बरं होईल असं सांगता येत नाही, पण रेडियमने रक्त थांबेल, दिवस जरा बरे जातील. सासूला मी तेवढंच सांगितलं, रक्त थांबेल. तिला तेवढंच हवं होतं.

त्या खोलीत ती पडली तेव्हा दारात उभी राहायची पाळी माझी होती. दोन पावलं पुढे गेले की नर्स हाक मारायची. दारातून नवरा मला बघायचा तेव्हा त्याला काय दिसत होतं ते मला आता दिसलं: शिशाचा पडदा, त्यावरून डोक्याचा थोडा पांढरा भाग, आणि छत.

"आये, दुखता काय?"

"पाठ दुखता. देवाक फूल कोण घालता?"

"शेजारणीक सांगलंय."

"ती न्हाऊन घालता काय?"

"घालता हो."

मग पडद्यामागून आवाज आला, "तू थयसर उबी रवा नको. तुझे पाय दुखतले." मी तिथेच थांबले.

रक्त थांबलं. ती आणखी दोन चतुर्थ्या बघून गेली. पहिल्या वर्षी स्वयंपाक तिने केला, दुसऱ्या वर्षी देव्हाऱ्याजवळ पाटावर बसून मला काय काय करायचं ते सांगितलं. शेवटी दुखणं फार झालं, मी तिचं सगळं केलं. तिला धुताना ती डोळे मिटून घ्यायची. "सुनेन असा करूचा," एकदा म्हणाली, आणि तोंड भिंतीकडे वळवलं. गावाला आम्ही गाठच सांगितली. तिचीच इच्छा होती. बाराव्याला आलेल्या बायकांपैकी एखादीला तरी खरं सांगायला हवं होतं, असं मला तेव्हाही वाटलं. पण समोर नवरा बसला होता, त्याचे मित्र होते, आणि माझी जीभ उचलली नाही.

मी राहिले. तपासण्यांना मुंबईला जात राहिले, मग तेही संपलं. शाळेतून निवृत्त झाले. नवराही गोदीतून सुटून गावाला आला. मुलं मोठी झाली, मुंबईत गेली. मुलगा मला आजही 'आई' म्हणतो, पण त्याच्या तोंडून लहानपणच्या गोष्टी येतात त्या सगळ्या आजीच्या.

एका दुपारी नवरा खळ्यात बसून सुपारी कातरत होता आणि मी पलीकडे वाल निवडत होते. त्याने मध्येच अडकित्ता खाली ठेवला.

"तुका खूप दुखला होता काय गो? तेव्हा, मुंबैत?"

इतक्या वर्षांत त्याने हे विचारलं नव्हतं. कशाबद्दल विचारतोय हे मात्र मला लगेच कळलं.

"व्हय," मी म्हटलं.

"मी दारात उबो रवय. आत येवक देयनत नाय, पण माका वाटा, तुका वाटत असतला ह्यो भियाता."

"तुमी भियात होतास?"

त्याने अडकित्ता पुन्हा हातात घेतला. मग म्हणाला, "व्हय."

मी त्याला मग सांगितलं. पट्ट्यांचा वास, पडद्यापलीकडची भाजीवाली, खुर्ची, सगळं. तो जमिनीकडे बघत ऐकत होता. मी म्हातारी झाले होते, तोही. तरी सांगताना माझा आवाज आपोआप खाली येत होता, आणि रस्त्यावरून कोणी गेलं की आम्ही दोघंही गप्प होत होतो.